नवतप्यातही तग धरणारी बादली

नागपुरात गच्चीवर भाजी लावणाऱ्याची खरी परीक्षा मे महिन्यात असते, त्यातही मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, म्हणजे नवतप्यात. पारा 45 अंशांवर गेला की सकाळी भरपूर पाणी दिलेली कुंडीही दुपारपर्यंत कोरडी पडते आणि संध्याकाळी वर जाऊन पाहावं तर रोपाने मान टाकलेली असते. यावर उपाय म्हणजे पाण्याचा साठा कुंडीच्या तळाशीच ठेवायचा. दिव्याची वात तेल ओढते तसं वरचं मिश्रण लागेल तेवढं पाणी ओढून घेतं. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच.

वीस लिटरची झाकणाची बादली घ्या. खाद्यपदार्थांची मिळाली तर उत्तम. एक जाळीदार प्लॅस्टिकची टोपली तळाशी उलटी बसेल अशी बघा, उंची चार इंच. टोपलीला मधोमध भोक पाडून त्यात छिद्रं पाडलेला पेला असा बसवा की तो बादलीच्या तळाला टेकेल. हा पेला म्हणजे वात. कडेने एक इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत सोडा, खालचं टोक तिरकं कापून. पाणी यातूनच भरायचं. टोपलीच्या माथ्याच्या अर्धा इंच खाली बादलीला बाहेरून भोक पाडा. जास्तीचं पाणी तिथून निघून जातं आणि मुळांना हवा मिळते. हे भोक विसरलात तर पावसाळ्यात मुळं कुजलीच म्हणून समजा.

आता मातीचं. आपली काळी माती शेतात सोनं असेल, बादलीत मात्र ती ओली असताना मुळांचा श्वास कोंडते आणि वाळली की भेगाळते. तिला सरळ वगळा. धुतलेलं कोकोपीट तीन भाग, गांडूळखत दोन भाग आणि धानाचं तूस एक भाग घ्या. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये तूस ढिगाने पडलेलं असतं, महागडं परलाइट कशाला हवं? वर मूठभर निंबोळी पेंड. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून ओला कचरा जिरवून भाजी पिकवली. घरचा कचरा तुम्हीही जरूर वापरा, पण पूर्ण कुजवून. सतत ओलसर राहणाऱ्या या बादलीत कच्ची सालं सडतात आणि माश्या धरतात.

पेला मिश्रणाने दाबून भरा, मग बादली भरा. पहिलं पाणी वरून, सगळं भिजेपर्यंत. मिश्रण कोरडं राहिलं तर वात पाणी ओढतच नाही. त्यानंतर फक्त पाइपमधून.

डासांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. डेंग्यूच्या अळ्या शोधायला महापालिकेचे कर्मचारी कूलरच्या टाक्या तपासतात, तोच धोका इथेही आहे. पाइपला घट्ट बूच आणि बाहेरच्या भोकाला मच्छरदाणीचा तुकडा, एवढं हवंच.

भरलेली बादली वीसेक किलोची होते. वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरलेला असतो, म्हणून बादल्या मधोमध न मांडता भिंतीकडेला, बीमवर ठेवा. खाली दोन विटा द्या, तापलेल्या स्लॅबची झळ थेट लागत नाही. बाहेरून चुना फासा किंवा तरट गुंडाळा.

पोळा-मारबत आटोपली की टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं लावा, बादलीला एकच. दिवाळीनंतर पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर). टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो तो बहुतेक वेळा पाणी कमी-जास्त झाल्याने; इथे तो त्रास कमी होतो. बोअरचं जड पाणी असेल तर वर पांढरा थर जमतो. अधूनमधून वरून भरपूर पाणी ओतून तो धुऊन काढा.

उन्हाळ्यात टोमॅटोचा हट्ट सोडा, रात्रीही गारवा नसला की त्याची फुलं गळतात. फेब्रुवारीत चवळी, गवार, भेंडी पेरा. एप्रिलपासून वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, मिश्रणावर पाचोळ्याचा जाड थर द्या. तळाशी साधारण साडेतीन-चार लिटर पाणी मावतं. थंडीत ते आठवडाभरही पुरतं, नवतप्यात मात्र रोज पाहावं लागतं. भरायचं ते पहाटेच. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांना घालू नका.