समाईक धन, सभासदांचे प्रश्न आणि समितीचे उत्तर

उत्तरेस तेरेखोल व दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये पेडणे तालुका वसला आहे. याच तालुक्यातील कोरगावात भालखाजन नावाचा वाडा आहे. वाड्याच्या नावातच ‘खाजन’ हा शब्द आला आहे, यावरून या मुलखाच्या जीवनात खाजनाचे स्थान काय होते हे ध्यानी येते. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवावयाचे, बांधात मानस बसवून त्याची ये-जा ताब्यात ठेवावयाची आणि आत भात पिकवावयाचे, अशी ही शेती होय. बांध एकट्याने घालता येत नाही व एकट्याने राखताही येत नाही. खाजन म्हटले की समाईक काम आले. समाईक कामापाठोपाठ समाईक पैसा आला. आणि समाईक पैसा आला की हिशेबाचा प्रश्न आलाच.

हा प्रश्न कोणी, कोठे व कसा विचारावा आणि कारभारी समितीने त्यास कसे उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

गावकारी : जुनी भागधारक संस्था

गोव्यात समाईक मालकीची परंपरा फार जुनी आहे. मूळ वसाहतकारांच्या वंशजांनी, म्हणजे गावकारांनी, गावची जमीन एकत्र धारण करावी, ती लिलावाने वा खंडाने लागवडीस द्यावी, उत्पन्नातून बांध, वाटा, देवस्थान यांचा खर्च भागवावा आणि उरलेली रक्कम आपसांत वाटून घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. पोर्तुगीज राजवटीने तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले. तिच्या चालीरीतींची लेखी नोंद १५२६ साली झाली. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून. म्हणून तो ‘नव्या काबिजादीं’त मोडतो. आजचा कोमुनिदाद संहितेचा मसुदा १५ एप्रिल १९६१ चा आहे. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, परंतु मूळ चौकट तीच आहे. गोव्यात अशा संस्था सुमारे सव्वादोनशे असून त्यांवर देखरेख करणारी प्रशासकांची कार्यालये म्हापसे, पणजी व मडगाव येथे आहेत.

कोमुनिदादीचे घटक मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. जन्माने हक्क मिळालेल्या गावकारास वार्षिक उत्पन्नातून ‘जोण’ मिळते. तो जोणकार होय. दुसरा भागधारक. त्याच्या हाती संस्थेचे भाग असतात व त्या मानाने त्यास लाभांश मिळतो. कारभार पाहण्यासाठी तीन वर्षांच्या मुदतीची समिती निवडली जाते. तीत अध्यक्ष, मुखत्यार व खजिनदार असतात. दप्तर सांभाळणारा ‘इश्क्रिव्हांव’ हा जुन्या काळच्या गावकुलकर्ण्याचाच वारस होय. ही समिती मालक नव्हे, ती विश्वस्त आहे. तिच्या हाती किल्ली असते, पेटी मात्र सर्वांची असते.

खाजनाची नवी जबाबदारी

गोवामुक्तीनंतर गावकारीचे रूप पालटले. १९६२ च्या नियमनाने ग्रामपंचायती आल्या आणि गावची नागरी कामे त्यांच्याकडे गेली. १९६४ साली कूळ कायदा झाला. पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस धरून कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले. बांधांची देखभाल ही कुळांची संयुक्त जबाबदारी ठरली व ती कशी पार पाडावी याचे नियम १९७५ साली करण्यात आले. लोक ज्याला ‘टेनंट असोसिएशन’ म्हणतात तो कूळ संघ या नियमांतूनच उभा राहिला. त्याचीही व्यवस्थापन समिती असते, सभासदांची वर्गणी असते आणि मानशीवरील मासेमारीच्या पावणीचे उत्पन्न असते. देखरेख मामलेदाराची असते.

अशा रीतीने गावकारी जन्माच्या हक्कावर उभी आहे, तर कूळ संघ कसण्याच्या हक्कावर. परंतु सभासदाच्या मनात उठणारे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

एक कल्पित सभा

उदाहरणादाखल कोरगावसारख्या एखाद्या गावातील कूळ संघाची सभा कल्पावी. मानशीची पावणी समजा ४०,००० रुपयांस गेली आहे. मागील बाकावरून एक वृद्ध शेतकरी उठतो व म्हणतो, “अध्यक्षानू, पैसे आयले ते आयकलां. पूण बांदाक भगदाड तशेंच आसा. पैसे खंय गेले?”

आता अध्यक्षापुढे दोन मार्ग असतात. “तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय?” असे म्हणून तो प्रश्नकर्त्यास गप्प बसवू शकतो. हा मार्ग सोपा आहे, पण घातक आहे. वृद्धाने विश्वासाविषयी विचारलेच नव्हते. त्याने बांधाविषयी विचारले होते. दुसरा मार्ग म्हणजे वही उघडून पावणीची रक्कम, जमा केल्याची तारीख, मातीकामाची मजुरी, मानशीच्या फळ्यांचा खर्च व शिल्लक ही पाच कलमे वाचून दाखविणे. काम राहिले असेल तर ते का राहिले व कोणत्या तारखेपर्यंत होईल, हेही त्याने सांगावे. उत्तर पूर्ण समाधानाचे नसेल. परंतु ते तपासता येईल असे असेल. समितीच्या उत्तराची कसोटी हीच होय.

येथे पणास काय लागते ते नीट पाहिले पाहिजे. मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीस उघडतात. अधिक मासळीच्या लोभाने ती अवेळी उघडी ठेवली, किंवा फुटलेला बांध तसाच सोडला, तर खारे पाणी शेतात शिरते. कोरगूट हे खाऱ्या मातीत तग धरणारे देशी भात आहे. पण त्याच्या सहनशक्तीसही मर्यादा आहे. मीठ बसलेली जमीन पावसाने धुऊन निघेपर्यंत पीक हातचे जाते. तेव्हा न दिलेल्या उत्तराची किंमत शेवटी शेतास मोजावी लागते.

जमिनीच्या फाइलीचा प्रश्न

गावकारीत याहूनही नाजूक प्रश्न भूखंडांचा आहे. कोमुनिदादीची जमीन कायम भाडेपट्ट्याने मागणारा अर्ज आला की तो सर्वसाधारण सभेच्या अभिप्रायासाठी ठेवण्याची पद्धत आहे. सभेची सूचना शासकीय राजपत्रात छापली जाते आणि ती प्रसिद्ध झाल्यानंतरच्या अमुक रविवारी सभा भरेल, असे तीत नमूद असते. ही सूचना वाचतो कोण? बहुसंख्य गावकार मुंबईत, परदेशात वा दुसऱ्या गावात राहतात. सभेस मूठभर मंडळी जमतात आणि पिढ्यानपिढ्यांच्या जमिनीवर त्यांचा अभिप्राय नोंदला जातो. पुढे दहा वर्षांनी कोणी विचारतो, “आमची जमीन कोणी दिली?” तेव्हा इतिवृत्तात उत्तर असते, “सभेने.” आणि त्या सभेस तो स्वतः गैरहजर असतो.

यात दोष एकट्या समितीचा नाही. समितीने राजपत्रातील सूचनेवर विसंबून न राहता ती देवळाच्या वा चॅपेलच्या फळ्यावर, पंचायतीत व दुकानाच्या भिंतीवर लावावी, हे तिचे कर्तव्य. सूचना वाचून सभेस जाणे हे सभासदाचे कर्तव्य. वर्षानुवर्षे न विचारणाऱ्या सभासदास एके दिवशी मोठ्याने विचारण्याचा हक्क उरतो खरा. पण त्याची धार मात्र बोथट झालेली असते.

दूरदेशीचे उदाहरण

हेच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकासही उठले आहेत. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील मूळ रहिवाशांचे जमिनीवरील दावे मिटविण्यासाठी १८ डिसेंबर १९७१ रोजी कायदा झाला. त्याने सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन व ९६ कोटी २५ लाख डॉलर मूळ रहिवाशांच्या महामंडळांकडे सोपविले. राज्यात बारा प्रादेशिक महामंडळे व दोनशेहून अधिक ग्राम-महामंडळे उभी राहिली, आणि राज्याबाहेर राहणाऱ्यांसाठी पुढे तेरावे निघाले. त्या दिवशी हयात असलेले मूळ रहिवासी भागधारक झाले. मात्र नंतर जन्मलेल्या मुलांना आपोआप भाग मिळेना. आजोबा भागधारक, नात मात्र परकी, अशी स्थिती आली. “आमच्या मुलांचे काय?” हा प्रश्न संचालक मंडळांस वारंवार ऐकावा लागला. १९८८ च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या दुरुस्तीने निर्णयाचा अधिकार भागधारकांच्या मतदानाकडे दिला. त्यानुसार सीअलास्का या महामंडळाच्या भागधारकांनी २००७ साली नव्या पिढीस प्रवेश देण्याच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे जोणीचा हक्क परंपरेने पुरुषवंशातून चालत आला आहे. त्यामुळे गावकाराच्या मुलींचे स्थान काय, हा प्रश्नही सभांतून उठतो. त्याचे उत्तर एकट्या समितीच्या हाती नाही, कारण ते संहितेत आहे. परंतु “हे आमच्या अधिकारात नाही, संहितेतील तरतूद अशी आहे, दुरुस्तीची मागणी कोठे करावयाची ते हे” एवढे सांगणे तिच्या हाती आहे. अधिकार नसला तरी उत्तर देता येते, हा अलास्काच्या अनुभवातून घेण्याजोगा धडा होय.

विचारण्याची व सांगण्याची रीत

सभासदाने प्रश्न लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी व पोच घ्यावी. एका अर्जात एकच विषय असावा. व्यक्तीविषयी न विचारता रकमेविषयी, ठरावाविषयी, जमिनीच्या क्रमांकाविषयी विचारावे. उत्तर न मिळाल्यास कूळ संघाच्या बाबतीत मामलेदाराकडे व कोमुनिदादीच्या बाबतीत प्रशासकाकडे जावे.

समितीने प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवावा आणि उत्तरही नोंदवावे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगून पुढील तारीख द्यावी. चूक झाली असल्यास ती सभेतच मान्य करावी. बाहेर कळलेली चूक दुप्पट मोठी होते. पोर्तुगीज वा इंग्रजी कागद गावच्या भाषेत समजावून सांगावा, कारण न कळलेला हिशेब हा न दिलेल्या हिशेबासारखाच असतो.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घ्यावा. मुलांतून अध्यक्ष, खजिनदार व सभासद निवडून एक सभा भरवावी, मानशीच्या पावणीचा हिशेब फळ्यावर मांडावा आणि मुलांस प्रश्न विचारू द्यावेत. उद्याचे सभासद व उद्याचे कारभारी त्याच वर्गात बसलेले आहेत.

‘गाव करी ते राव न करी’ असे आपण म्हणतो. ते खरे ठरावयाचे तर गावाने आपल्याच कारभाऱ्यास विचारण्याचे धैर्य व आपल्याच सभासदास सांगण्याचे सौजन्य अंगी बाणविले पाहिजे. बांध मातीने बांधला जातो. तो टिकतो मात्र हिशेबाने.