ढग तपासणारी फिरती यंत्रे



पावसाचा अंदाज ऐकून आपण पाण्याची पाळी लांबवतो, आणि पाऊस पडतो तो शेजारच्या शिवारात! मग हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडतो. पण ढगात काय चालले आहे हे जमिनीवरून पाहतात तरी कसे, हे समजून घेतले तर अंदाजाचा उपयोग जास्त करता येईल. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

यंत्र फिरते कशाला?

रडार रेडिओ लहरी सोडते. त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला यावरून ढगाचे अंतर कळते, आणि लहरींच्या जोरावरून पावसाचा जोर. परंतु लहर सरळ जाते आणि पृथ्वी आहे गोल. अर्ध्या अंशाने वर रोखलेली लहर ५० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंच असते, २०० किलोमीटरवर तीच चार किलोमीटर उंच जाते. म्हणजे लांबच्या रडारला ढगाचा माथा दिसतो, खाली काय पडते ते दिसत नाही. मध्ये डोंगर आला तर तेवढेही नाही. यावर उपाय एकच, यंत्र ढगाजवळ न्यायचे.

अमेरिकेत १९९५ साली ट्रकवर डॉप्लर रडार बसवून चक्रीवादळांच्या मागे नेले गेले. भरधाव ट्रक आपल्याकडे येताना हॉर्नचा आवाज चढा वाटतो, पुढे गेला की उतरतो. याच तत्त्वावर डॉप्लर रडार वाऱ्याचा वेग सांगते. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अशाच ट्रकने ताशी ४८० किलोमीटरहून अधिक वेग मोजला. तिथं साधे वारामापक टिकलेच नसते.

आपल्याकडील काम

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर हलवता येणारी रडारे लावून सह्याद्रीच्या ढगांचा अभ्यास केला. एकाची लहर तीन सेंटिमीटरची, ती पाऊस पाहते. दुसरीची आठ मिलिमीटरच्या आसपास, तिला पाऊस न झालेले बारीक ढगसुद्धा दिसतात. मात्र लहर जितकी आखूड, तितकी ती मोठ्या पावसात लवकर विरते. म्हणून एकाच यंत्रावर भागत नाही.

याच संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात विमाने, रडार आणि जमिनीवरचे पर्जन्यमापक यांच्या साह्याने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. काही ढगांत कॅल्शियम क्लोराईडची फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना केली. फवारणीच्या पुढील बाजूस सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के जादा पाऊस आढळला. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. योग्य ढगातून थोडा जास्त पाऊस काढता येतो. ढगच नसेल तर पाऊस पाडता येत नाही. दुष्काळात कोणी तशी हमी देऊ लागला, तर "मोजमाप दाखवा" म्हणावे.

आपण काय करावे?

रडार पाऊस मोजत नाही, त्याचा अदमास करते. तो बरोबर की चूक हे जमिनीवरच्या पर्जन्यमापकावरूनच ठरते. तेव्हा :

१. उघड्या जागी, झाड-घरापासून दूर, साधा पर्जन्यमापक बसवावा.

२. रोज सकाळी साडेआठला नोंद करावी. हवामान खात्याचीही तीच वेळ आहे.

३. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. २५ मिलिमीटर झाला तर एकरी लाख लिटर पाणी फुकट मिळाले! जमिनीला वाफसा पाहूनच पुढची पाळी द्यावी.

४. तोडणीच्या हंगामात अवकाळीचा इशारा आला, तर काळ्या रानातला फड आधी उरकता येईल का, हे गट ऑफिसात विचारावे. चिखलात अडकलेली गाडी आणि फडात वाळणारा ऊस, दोन्हींचा तोटा आपलाच.

फळबागेच्या हवामान आधारित विम्यात महसूल मंडळाच्या केंद्रावरील नोंद धरली जाते. आपल्या वहीवर भरपाई मिळत नाही हे खरे. पण मंडळाचे केंद्र आपल्या शिवारापेक्षा वेगळे बोलते, हे दाखवायला रोजच्या नोंदीसारखा दुसरा आधार नाही. गावातल्या दहा जणांनी वह्या ठेवल्या, तर त्या म्हणण्याला वजन येते. सहकाराचा अर्थ इथंही तोच आहे.