वीज गेली, वस्तू जळली : भरपाई कशी मागावी?



आपल्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण आणि चळवळ या विषयांवर अभ्यासपूर्ण लेख असतात. आम्ही मात्र एक घरगुती वाटणारा विषय निवडला आहे. तो निवडण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला.

काही वर्षांपूर्वी जूनमधल्या एका संध्याकाळी खडकवासल्यात धरणाच्या बाजूने जोराचा वारा सुटला. आमच्या वस्तीत काही घरांतले दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले, तर काही घरांत ते मिणमिणू लागले. पाचेक मिनिटांत सारा अंधार झाला. दुसऱ्या दिवशी उशिरा वीज आली तेव्हा कळले की कोणाचा टीव्ही गेला, कोणाचा फ्रीज गेला आणि वर्गणी काढून घेतलेले अभ्यासिकेतले दोन संगणकही गेले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली त्या संगणकांवर सराव करीत असत. ऐन परीक्षेच्या तोंडावर त्यांचा सराव बंद पडला.

आम्ही काय केले? खांबावर चढलेल्या लाइनमनशी भांडलो. जळालेले भाग भंगारात दिले. दोन महिन्यांनी कोणीतरी भरपाईची गोष्ट काढली, तेव्हा आमच्याजवळ एकही कागद नव्हता. अर्ज नव्हता, पोच नव्हती, जळालेली वस्तूही नव्हती. भरपाई मिळाली नाही आणि त्यात आमचाही दोष होता. ही चूक इतरांनी करू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

हक्क कुठून आला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेसंबंधीच्या धोरण समितीचे अध्यक्षपद भूषविताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेविना उद्योग नाही आणि उद्योगाविना दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा विचार होता. वीज ही श्रीमंतांची चैन नव्हे, हे त्यातून आपण घ्यावे.

आज लागू असलेल्या विद्युत कायदा, २००३ मधील कलम ५७ आपण लक्षात ठेवावे. वीज कंपनीने सेवेचा ठरवून दिलेला दर्जा पाळला नाही, तर बाधित व्यक्तीला भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. हा दर्जा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. त्याचे कृतीच्या मानकांविषयीचे विनियम २०२१ चे आहेत.

दोन नुकसाने, दोन मागण्या

येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. वीज बराच वेळ न येणे ही एक तक्रार आणि वस्तू जळणे ही दुसरी.

पहिल्या तक्रारीसाठी विनियमांत तक्ता आहे. फ्यूज जाणे, तार तुटणे, रोहित्र बिघडणे अशा प्रत्येक बिघाडाला दुरुस्तीची मुदत आहे आणि मुदत टळली तर भरपाईचा दर आहे. शहरी व ग्रामीण भागांसाठी मुदती वेगळ्या आहेत. खडकवासला ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत आले, हे तक्ता वाचताना विसरू नये. वादळ, पूर, आकाशातील वीज कोसळणे अशा आपत्तींत कंपनीला सूट मिळते. म्हणून वारा कधी थांबला आणि दुरुस्ती कधी सुरू झाली, याची वेळ लिहून ठेवावी.

दुसऱ्या तक्रारीसाठी असा तयार तक्ता नाही. तेथे वस्तू कंपनीच्या दोषामुळेच जळली, हे दाखवावे लागते.

कारण दाखवा

धम्म आपल्याला कार्यकारणभाव शिकवितो. कारणाशिवाय काही घडत नाही. अर्जातही हेच सूत्र लागू पडते. "आमचे नुकसान झाले" एवढे पुरेसे नाही. ते कशामुळे झाले ते सांगा.

आमच्या वस्तीतले लक्षण पाहा. घरात साधारण २३० व्होल्टची वीज येते. रोहित्राकडून येणारी न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली, तर वेगवेगळ्या फेजवरील घरांतला दाब असमान होतो. काही घरांत तो ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो, काही घरांत फार खाली येतो. म्हणूनच कुठे दिवे प्रखर आणि कुठे मंद. एकाच वेळी अनेक घरांत असे झाले, तर दोष एखाद्या घराच्या वायरिंगमध्ये नसून बाहेरच्या तारेत असण्याची शक्यता बळावते. येथे एकट्या घराच्या अर्जापेक्षा वस्तीचा एकत्रित अर्ज वजनदार ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा एक निकाल विद्यार्थ्यांनी अभ्यासावा. मध्य प्रदेशात पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावर जिवंत तार पडली होती. सायकलवरून घरी जाणारा कामगार तिच्या स्पर्शाने मरण पावला. कोणा तिऱ्हाइताने वीज चोरण्यासाठी तार ओढली होती, असा बचाव वीज मंडळाने केला. न्यायालयाने तो फेटाळला. असा धोकादायक व्यवसाय करणाऱ्यावर, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी जबाबदारी येते, असे ठरले. तो खटला माणसाच्या मृत्यूचा होता. टीव्ही-फ्रीजच्या दाव्यात आपल्याला पुरावा लागेलच.

काय करावे?

१. त्याच दिवशी तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक, तारीख व वेळ वहीत लिहा.

२. लेखी अर्ज द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. बँकेच्या खिडकीत बसून आम्ही रोज पाहतो : पैसे भरणारा पावतीसाठी थांबतो, अर्ज देणारा मात्र तसाच निघून जातो. अर्जाची पोच ही पावतीइतकीच मोलाची.

३. जळालेली वस्तू आणि काढलेला भाग टाकू नका. छायाचित्रे घ्या. कोणता भाग कशाने जळाला हे दुरुस्ती करणाऱ्याकडून लिहून घ्या. खरेदीची व दुरुस्तीची बिले जोडा.

४. घरातील वायरिंग व अर्थिंग ठीक असल्याचा परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा दाखला घ्या.

५. राज्य शासनाच्या मालकीच्या वीज कंपनीला माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे. १० रुपये शुल्क भरून त्या दिवसाची उपकेंद्रातील व दुरुस्तीची नोंद मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

६. कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावे लागते. मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर विद्युत लोकपालांकडे जाता येते. बुडालेला नफा किंवा अप्रत्यक्ष नुकसान मंच देत नाही. म्हणून प्रत्यक्ष नुकसानाचाच हिशेब मांडा.

७. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वीजपुरवठा ही सेवा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तेथेही मुदत २ वर्षांची. सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. नफ्यासाठी चाललेल्या व्यवसायाची वीज असेल तर अडचण येते. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी शिलाई मशीन चालविणारी भगिनी ग्राहकच ठरते.

शेवटी दोन शब्द

भर पावसात खांबावर चढणारा लाइनमनही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याला शिव्या देऊन काही साधत नाही. राग आवरा, मागणी मात्र सोडू नका. ही भीक नाही, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

आमची मंडळाला एक सूचना आहे. अभ्यासिकेत एक वही ठेवावी. वीज कधी गेली, कधी आली, कोणाचे काय नुकसान झाले, हे विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने तीत लिहावे. शिकलेल्या मुलाने शेजारच्या न शिकलेल्या आजीचा अर्ज लिहून द्यावा. बाबासाहेबांनी दाखविलेली शिक्षणाची, संघटनेची आणि संघर्षाची वाट अशा लहान कामांतूनही पुढे जाते. पुढच्या जूनमध्ये वारा सुटेल तेव्हा ही वही आपल्याजवळ असावी.

जयभीम! नमो बुद्धाय!