कुकर घरीच ठेव

अगं मुक्ते, काल फोनवर तू ग्रीसची यादी वाचत होतीस आणि मी नुसती ‘हं, हं’ करत होते. अथेन्स, मग मिकोनोस, मग सांतोरिनी, मग क्रीट. दहा दिवसांत तीन बोटी, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे आणि तुझी दोन वानरं! भावोजी शेजारीच बसलेत हे कळत होतं, म्हणून गप्प बसले. आता निवांत ऐक.

बेटं राहू देत. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो ते मानीला. नकाशात बघ, ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीज आहे, त्याला खाली तीन बोटं फुटलीत. मधलं बोट म्हणजे मानी. अथेन्सहून कालामातापर्यंत साधारण 240 किलोमीटर, सगळा महामार्ग. तिथून पुढे समुद्राकाठानं तासाभरावर कार्दामिली आणि स्तूपा ही दोन गावं. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला सुमारे 2,400 मीटर उंच तायगेतोस डोंगर. मधे घाट आहे, पोरांना गाडी लागेल. आलेपाक हाताशी ठेव. गाडी भाड्यानं घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच आरटीओतून काढा.

मुक्काम एकाच गावात ठेव, तोही स्तूपाला. कार्दामिली देखणं आहे, होमरच्या इलियडमध्येही त्याचं नाव येतं, पण तिथल्या किनाऱ्यावर गोटे. स्तूपाला वाळू आहे. तिथल्या कालोग्रिया किनाऱ्यावर एक गंमत बघायला मिळेल. समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात. माझ्या सासूबाई लुगडं घोट्याच्या वर धरून पाण्यात उभ्या होत्या. दोन पावलं पुढे गेल्या आणि ओरडल्या, “अगोबाई, इथे बर्फ सांडलाय!” कोमट पाण्यात मधेच थंडगार पट्टा लागतो. मग दिवसभर पोरं आणि आजी मिळून झरे शोधत बसली. आमच्या रत्नागिरीकर ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “भरती कितीला?” तिथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. चपला काठावर काढून खुशाल पाण्यात जायचं.

भावोजींना सांग, ‘झोर्बा द ग्रीक’मधला झोर्बा कादंबरीत क्रीटमध्ये वावरत असला, तरी खरा झोर्बा लेखक कझानझाकिसबरोबर 1917 मध्ये इथेच, स्तूपाजवळच्या कोळशाच्या खाणीत होता. म्हणजे तेही खूश.

आता माझी फजिती. कोणाला सांगू नकोस. मी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं आणि बॅगेत तीन लिटरचा कुकर, तूरडाळ, गोडा मसाला भरला. सासूबाई शाकाहारी, पोरं नखरेल, परदेशात काय मिळणार! पहिले तीन दिवस मंडळी समुद्रावर आणि मी ओट्याशी. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कुकर लावला. तिकडे उन्हाळ्यात तीन ते साडेपाच गाव झोपतं, गाणं-बिणं मोठ्यानं लावायचीही चोरी. त्या शांततेत माझ्या कुकरनं शिट्टी मारली. वरच्या मजल्यावरून घरमालकीण अनवाणी धावत आली, तिला वाटलं गॅस फुटला! मी खुणांनी डाळ दाखवली. ती हसली, वर गेली आणि येताना येमिस्ता घेऊन आली: भात आणि पुदिना भरून भाजलेले टोमॅटो नि ढोबळी मिरच्या. नखरेल पोरांनी ताट चाटून पुसून दिलं. कुकर त्यानंतर बॅगेतून निघाला नाही.

म्हणून नीट लक्षात ठेव. ‘लादेरा’ म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेली रानची पालेभाजी, वर लिंबू. ‘फावा’ मागव, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर कच्चा कांदा. सासूबाईंनी त्यात पाव बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, “हिंग हवा होता.” आणि ‘निस्तीसिमो’, म्हणजे त्यांचं उपवासाचं. मांस, अंडं, दूध काही नाही. पण एक मेख आहे हं! त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो, रक्त नसतं असं मानतात म्हणून. आमच्या चतुर्थीला सासूबाईंसमोर ऑक्टोपसचा पाय आला होता. तेव्हा भाजीच हवी असं निराळं सांगायचं. वाटेत भूक लागली तर ‘पास्तेली’ घे, मध-तिळाची चिक्की. संक्रांतीची आठवण येईल.

भटकायला दोन दिवस पुरेत. दिरोसच्या गुहा सकाळी लवकर गाठा. चपट्या होडीतून सुमारे 1,200 मीटर, मग 300 मीटर चालत. छत कुठे कुठे इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते. गुडघ्यांचा हिशेब करून सासूबाईंना न्यायचं का ते ठरव. वाथियाचे दगडी मनोरे मात्र दाखवच. इथली घराणी पिढ्यान्‌पिढ्या सूड उगवत एकमेकांवर बंदुका रोखून बसायची, म्हणून घरं अशी उभी. आमच्या जावाजावांचं भांडण त्यापुढे काहीच नाही, असं माझ्या सासूबाईच म्हणाल्या. अगदी टोकाला तेनारो. ग्रीक कथांत तिथून पाताळात वाट जाते, आणि हेराक्लीसनं तिथूनच तीन डोक्यांचा कुत्रा वर ओढून आणला. पोरांना यमाच्या चार डोळ्यांच्या कुत्र्यांची गोष्ट आधी सांगून ठेव, मग बघ कशी भांडतात कोणाचा कुत्रा भारी म्हणून.

ऑगस्टमध्ये जाऊ नकोस. 15 ऑगस्टला त्यांचा मरियमचा मोठा सण, सगळं ग्रीस किनाऱ्यावर लोटतं. शाळा उघडायच्या आत, जूनच्या सुरुवातीला जा. आणि हो, संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत. पोरांना पहिल्याच दिवशी बजाव.

पण हे सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं एक ऐक. बॅग भरताना सगळ्यांच्या सुट्टीचा विचार तू करशील, आपली सुट्टी मात्र विसरशील. मीही तेच केलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी चारला, घरी चहाचं आधण ठेवायच्या वेळेला, मी कालोग्रियाच्या पाण्यात उताणी तरंगत होते. पाठीखालून झऱ्याचा गारवा येत होता. काठावरून कोणी हाक मारली नाही. मारली असेलही. माझे कान पाण्याखाली होते.