पान दिसते, पण आज्ञा चालत नाही

गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाजाखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते, हे हैदराबादच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु टाळी वर पोहोचली म्हणून आत प्रवेश मिळालाच असे नव्हे. संगणकाच्या सर्व्हरचेही असेच आहे.

पायथन भाषा शिकण्यासाठी ‘ज्युपिटर’ हा सर्व्हर वापरतात. तो पुष्कळदा डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपले सारे सामानसुमान बरोबर घेतलेल्या बंद पेटीत, चालविला जातो. पान मागणे व मिळणे ही साधी देवघेव होय. मात्र लिहिलेली आज्ञा चालवून उत्तर लगोलग यावयाचे, तर दोन्ही बाजूंनी सतत खुली राहणारी वाट लागते. तीच वेबसॉकेट. तिचे नियम २०११ साली प्रसिद्ध झाले. तीही आधी साध्या विनंतीनेच मागावी लागते. सर्व्हरने १०१ हा आकडा पाठविला की ती खुली झाली. म्हणूनच पान दिसत असूनही आज्ञा चालत नाही, असा चमत्कारिक प्रकार ऐन प्रात्यक्षिकाच्या वेळी घडतो.

अशा वेळी प्रथम आलेला आकडा पाहावा. ४०३ असेल, तर बहुधा चावी तरी नामंजूर झाली आहे, नाहीतर येणाऱ्याचा पत्ता. (चावी हा शब्द माझ्या कोकणीत आणि मराठीतही पोर्तुगीजांकडून आला आहे.) ज्युपिटरची चावी म्हणजे टोकन. ते आपण ठरवून दिले नसेल, तर सर्व्हर दर वेळी सुरू होताना नवे तयार करतो. कालची चावी आज लागत नाही ती बहुधा यामुळेच. ‘डॉकर लॉग्स’ या आज्ञेने कंटेनरच्या नोंदी उघडाव्या, त्यांत नवे टोकन सापडते. टोकन बरोबर असेल, तर आपण कोणत्या पत्त्यावरून आलो म्हणून ब्राउझर सांगतो ते पाहावे. त्यास ‘ओरिजिन’ म्हणतात. तो सर्व्हरच्या पत्त्याशी जुळला नाही, तर नोंदींत तशी स्पष्ट तक्रार आढळते.

आकडा ४०० असेल, तर चावीला बोल लावू नये. मध्ये एंजिनएक्ससारखा मध्यस्थ असून त्याने ‘अपग्रेड’ ही सूचना पुढे पोहोचविलेली नसते. ती पोहोचविण्यास त्याला मुद्दाम सांगावे लागते.

टोकनच काढून टाकावे, असा सल्लाही कोणी देतो. तो मुळीच ऐकू नये. तसे केल्यास जो कोणी त्या पत्त्यावर पोहोचेल, त्याला आत वाटेल ती आज्ञा चालविता येते, आणि वर्गाच्या साऱ्या वह्या तेथेच असतात. सर्व्हर सुरू करतानाच एक लांब टोकन ठरवून द्यावे. मग कंटेनर पुन्हा सुरू केला तरी ते बदलत नाही.