लिटरला तेल किती? जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचे गणित

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी, जिन्याखाली किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आजोबांची जुनी स्कूटर अजून उभी असेल. माझ्या लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून मी पेट्रोल पंपावर जात असे. तिथला माणूस नळी हातात घेण्याआधी विचारी, "साहेब, ऑइल किती?" वडील उत्तर देत, "लिटरला वीस." शेजारचे काका मात्र घाटात जायचे असले की "चाळीस टाक, इंजिनाला बरे" असे म्हणत. बरोबर कोण होते? या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या आधारे शोधू या.

पेट्रोलमध्ये तेल कशासाठी?

मोटारीच्या चार धावांच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी वेगळे साठवलेले असते. पंप ते सगळीकडे फिरवतो आणि ते पुन्हा तळाशी येते. जुन्या स्कूटरच्या दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात अशी सोय नसते. इंग्रज अभियंता जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास जी साधी रचना केली, तीच पुढे लक्षावधी स्कूटर-मोटारसायकलींत आली. या रचनेत दट्ट्या म्हणजे पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या क्रँककेसमध्ये हवेचा दाब कमी होतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल व हवेचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या खाली येताना हेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते आणि जळालेला वायू बाहेर ढकलते. म्हणजे क्रँककेस हाच या इंजिनाचा पंप! तिथे तेल साठवून ठेवले तर तेही मिश्रणाबरोबर ओढले जाईल.

म्हणून तेल पेट्रोलमध्येच विरघळवून पाठवायचे. क्रँककेसच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते, तेलाची होत नाही. तेलाचे सूक्ष्म थेंब बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, आपले काम करतात आणि शेवटी जळून धूर होऊन निघून जातात. हे वंगण एकदाच वापरले जाते, म्हणून ते सतत ताजे मिळत राहिले पाहिजे.

केसाएवढी फट

तेल कमी पडले तर काय होते, ते आकड्यांत पाहू. चेतक स्कूटरच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर सिलिंडर बिडाचा. एक अंश तापमानवाढीला त्यांचे प्रसरण अनुक्रमे सुमारे ०.००००२० आणि ०.००००११ पट होते. ढोबळ मानाने दट्ट्या १५० अंशांनी आणि सिलिंडर १०० अंशांनी तापला असे समजा.

दट्ट्याची वाढ : ५७ × ०.००००२० × १५० = ०.१७ मिमी
सिलिंडरची वाढ : ५७ × ०.००००११ × १०० = ०.०६ मिमी

म्हणजे दोहोंमधली फट सुमारे ०.११ मिलिमीटरने कमी होते. जवळजवळ एका केसाची जाडी! इंजिन तयार करताना तेवढी जागा सोडलेली असते. पण घर्षण वाढून दट्ट्या आणखी ४० अंशांनी तापला, तर व्यास आणखी ०.०५ मिमीने वाढतो. फट संपते आणि दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरतो. यालाच मेकॅनिक "इंजिन सीझ झाले" असे म्हणतात. चालत्या गाडीत असे झाले तर मागचे चाकच अडकते. अशा वेळी क्लच ताबडतोब दाबायचा असतो, म्हणजे चाक इंजिनापासून सुटे होते. टक्केवारी चुकली तर केवळ दुरुस्तीचा खर्चच नव्हे, जिवाचाही प्रश्न येतो.

मग जास्त तेल टाकले तर?

काकांचा विचार असा, की थोडे तेल चांगले, तर पुष्कळ तेल अधिक चांगले. इथे एक गंमत आहे. कार्ब्युरेटरच्या जेटच्या बारीक छिद्रातून ठरावीक द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला, की पेट्रोलचा तेवढाच घटतो. २ टक्के तेलाच्या एक लिटर मिश्रणात पेट्रोल ९८० मिलिलिटर असते, तर ५ टक्के तेलाच्या मिश्रणात ९५२. म्हणजे पेट्रोल सुमारे ३ टक्क्यांनी कमी आणि हवा तेवढीच! मिश्रण "पातळ" होते. पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते, कारण आत येताना वाफ होणारे पेट्रोल बरीच उष्णता शोषून इंजिनाला थंडही करत असते.

३ टक्के हा फरक एकटा असेल तर लहान आहे, त्याने इंजिन लगेच बिघडत नाही. जास्त तेलाचा रोजचा त्रास वेगळा आहे. प्लग काळा व ओला होतो, धूर वाढतो आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेत व सायलेन्सरमध्ये काजळी साचून गाडीचा दम जातो.

काकांच्या भीतीत तथ्य मात्र होते, ते घाट उतरतानाचे. गाडी गिअरमध्ये ठेवून, थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरलो, तर चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पण पेट्रोल जवळजवळ बंद. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद! यावर उपाय अधिक तेल हा नव्हे. उतरताना मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडायचा, म्हणजे बेअरिंगला तेलाचा घोट मिळतो.

आकडा कसा निवडावा?

एकच आकडा सगळ्या इंजिनांना लागू पडत नाही. १९४६ मध्ये आलेल्या पहिल्या व्हेस्पाला ५ टक्के तेल लागे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिश्रण थेट क्रँकशाफ्टवर सोडणारी नवी रचना आली आणि व्हेस्पाला २ टक्के पुरू लागले. साध्या बुशवर फिरणाऱ्या जुन्या इंजिनांना तेलाचा जाड थर लागतो, सुईसारख्या रुळांच्या बेअरिंगला त्याहून कमी पुरते. म्हणून पहिला नियम हा, की त्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा.

दुसरा नियम आकडा नीट वाचण्याचा. ५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, अर्थात लिटरला २० मिलिलिटर. ५ टक्के म्हणजे लिटरला ५० मिलिलिटर, अर्थात २०:१. यात "५०" आणि "२०" यांची अदलाबदल होते आणि भलेभले फसतात. हा तक्ता वहीत उतरवून घ्या :

२ टक्के = ५०:१ = लिटरला २० मिलि
३ टक्के = सुमारे ३३:१ = लिटरला ३० मिलि
४ टक्के = २५:१ = लिटरला ४० मिलि
५ टक्के = २०:१ = लिटरला ५० मिलि

तिसरा नियम तेलाच्या जातीचा. फार जुन्या पुस्तिकांत साधे ३० किंवा ४० दाटपणाचे तेल सांगितलेले असते, कारण तेव्हा वेगळे टू-टी तेल सर्रास मिळत नव्हते. आज मोटारीचे तेल यात घालू नये. त्यातील कॅल्शियम, जस्त यांची संयुगे जळून राख होते आणि ती प्लगवर बसते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचे, डब्यावर "एपीआय टीसी" किंवा "जासो एफसी" असे लिहिलेले टू-टी तेल घ्यावे. बोटींच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे तेल वेगळे असते, ते इथे चालत नाही.

पेट्रोलही बदलले आहे

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याचा या इंजिनांना त्रास नाही, कारण शिशाचा आधार लागे तो चार धावांच्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठकींना, आणि यांत तसे व्हॉल्व्हच नसतात. यांचा संपीडनाचा दाबही कमी, म्हणून महागड्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने काही साधत नाही.

लक्ष द्यायचे ते इथेनॉलकडे. २०२५ पासून आपल्याकडे बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे जुन्याच जेटमधून हे इंधन गेले, तर मिश्रण सुमारे ७ ते ८ टक्क्यांनी पातळ होते. त्यात काकांचे ३ टक्के मिळवा! म्हणून जाणकार मेकॅनिककडून जेट एक माप मोठा करून घ्यावा आणि प्लगचा रंग पाहावा. बिस्किटासारखा तांबूस असेल तर ठीक, पांढरा पडला तर इंजिन तापते आहे.

दुसरा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळाजवळ! मग तुम्ही तेल कितीही मोजून घाला, इंजिनाला ते मिळत नाही. उपाय साधा आहे. महिनोन् महिने उभ्या गाडीत इंधन ठेवू नये, लागेल तेवढेच ताजे मिश्रण करावे.

शिक्षकांना हे प्रयोगशाळेत दाखवता येईल. जवळपास ज्योत वा ठिणगी नसताना आणि खिडक्या उघड्या ठेवून, मोजनळीत १० मिलिलिटर पाणी व ९० मिलिलिटर पेट्रोल घेऊन हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. तळाचा थर १० वरून २५ च्या पुढे चढलेला दिसेल. तो चढला इथेनॉलमुळे. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करू नये.

तेव्हा बरोबर होते ते वडील, कारण त्यांच्या स्कूटरची पुस्तिका २ टक्के सांगत होती. टू-स्ट्रोक इंजिने मागे पडली त्यालाही कारण आहे. त्यांत ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच बाहेर जातो आणि तेलाचा धूर हवेत मिसळतो. म्हणून उरलेली जुनी इंजिने चालवायची तर मोजूनमापून चालवावीत. हाताशी मोजपात्र असावे, अंदाज नको.

सोडवून पाहा

१. टाकीत ४ लिटर पेट्रोल घालायचे आहे. ४ टक्क्यांसाठी तेल किती लागेल?
२. एका पुस्तिकेत "३३:१" असे लिहिले आहे. ६ लिटर पेट्रोलला तेल किती?
३. दट्ट्या बिडाचा केला असता, तर फटीचा प्रश्न कमी झाला असता का? मग ॲल्युमिनियम का वापरतात? घनता आणि उष्णतावहन यांचा विचार करा.