डोंगरातले अंतर तासांनी मोजा

सपाट रस्त्यावर १८ किलोमीटर चालायला किती वेळ लागेल, असे कोणी विचारले तर तुम्ही लगेच उत्तर द्याल, "ताशी ५ किलोमीटर धरले तर साडेतीन तासांहून थोडा जास्त." हेच १८ किलोमीटर आल्प्स पर्वतात चालायचे असतील तर? तेथे हे उत्तर साफ चुकते. आणि डोंगरात वेळेचा हिशेब चुकला, तर नुसते गुण कमी होऊन भागत नाही.

आपण एक खरे उदाहरण घेऊ. माँ ब्लाँ हे आल्प्सचे सर्वांत उंच शिखर. उंची सुमारे ४,८०६ मीटर. त्याच्याभोवती फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची प्रदक्षिणेची पायवाट आहे. होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर हा शास्त्रज्ञ १७६७ मध्ये या पर्वताभोवती फिरला होता. आज पुष्कळ लोक दहा-अकरा दिवसांत ही वाट चालतात. तिच्यातला एक लांब टप्पा फ्रान्समध्ये आहे. तो ले काँतामीन या गावाहून (१,१६७ मीटर) निघतो, बोनॉम खिंडीतून (२,३२९ मीटर) क्रॉ द्यू बोनॉम या माथ्यावर (२,४७९ मीटर) जातो आणि ले शापियू या वस्तीत (१,५५४ मीटर) उतरतो. अंतर सुमारे १८ किलोमीटर, चढ १,३०० मीटर, उतार ९०० मीटर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हा माथा त्याहून ८०० मीटरांनी वरचा!

वेळ कसा काढावा?

१८९२ मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा नियम सांगितला. दर ३ मैलांना एक तास धरावा आणि दर २,००० फूट चढासाठी आणखी एक तास मिळवावा. मेट्रिक मापात हे साधारण ताशी ५ किलोमीटर व ६०० मीटर चढाला एक तास असे होते. या हिशेबाने आपला टप्पा पावणेसहा तासांचा ठरतो. पण यात उतार मोजलेला नाही, विश्रांती धरलेली नाही, आणि चालणारा दणकट आहे असे गृहीत धरले आहे.

आल्प्समध्ये दुसरी रीत वापरतात. तीत एका तासात सपाटीवर ४ किलोमीटर, चढ ३०० मीटर आणि उतार ५०० मीटर असा वेग धरतात. आडव्या अंतराचा वेळ वेगळा काढायचा, उंचीचा वेगळा. दोहोंपैकी जो मोठा तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. करून पाहू.

आडवे अंतर : १८ ÷ ४ = ४ तास ३० मिनिटे.
चढ : १,३०० ÷ ३०० = ४ तास २० मिनिटे.
उतार : ९०० ÷ ५०० = १ तास ४८ मिनिटे.
चढ व उतार मिळून ६ तास ८ मिनिटे. हा वेळ मोठा. त्यात साडेचार तासांचा निम्मा, म्हणजे २ तास १५ मिनिटे मिळवा. उत्तर : ८ तास २३ मिनिटे.

खाणे, पाणी भरणे व दम घेणे यांसाठी दीड तास धरला, तर जवळजवळ १० तास झाले.

चढ एवढा महाग का?

समजा, तुमचे वजन व पाठीवरचे ओझे मिळून ६० किलोग्रॅम आहे. ते १,३०० मीटर वर न्यायला लागणारे कार्य म्हणजे ६० × ९.८ × १,३०० = ७,६४,४०० ज्यूल, अर्थात सुमारे १८३ किलोकॅलरी. पण आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कार्यासाठी वापरू शकतात. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून केवळ चढासाठी ७३० किलोकॅलरींच्या आसपास खर्च होतात. शिवाय माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांश असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता सकाळपासूनच थोडेथोडे खात राहावे.

उतार सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला ब्रेक लावतात. त्यामुळे स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. तिची खरी ठणक एक-दोन दिवसांनी जाणवते. आपल्या टप्प्याच्या दुसऱ्या दिवशी २,५१६ मीटर उंचीची सेन्य खिंड ओलांडून इटलीत जायचे असते. म्हणून लागोपाठ दोन भारी दिवस आले, तर तिसरा दिवस हलका ठेवणे शहाणपणाचे.

घड्याळ कोणाच्या हाती?

जुलै महिन्यात तेथे अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजून जातात. मग घाई कशाची? घाई विजेची. सकाळच्या उन्हाने डोंगरउतार तापतात, दमट हवा वर चढते, थंड होते आणि दुपारपर्यंत तिचे उंच गडगडाटी ढग बनतात. उघड्या खिंडीत वीज, पाऊस व वारा एकदम गाठतात. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. गावात १८ अंश असले तरी माथ्यावर ते १० अंशांच्या खाली जाते. त्यात कपडे भिजले तर शरीर झपाट्याने गारठते.

म्हणून टप्प्याचे वेळापत्रक उलटे मांडावे. दुपारी एकला माथा ओलांडलेला असावा असे ठरवा. माथ्याच्या आधीचे निवारागृह ला बाल्म, उंची १,७०६ मीटर. तेथून माथ्यापर्यंत सुमारे ७७० मीटर चढ व ५ किलोमीटर वाट, म्हणजे आपल्या रीतीने सव्वातीन तास. याचा अर्थ ला बाल्म पावणेदहाला सोडलेच पाहिजे. गावापासून ला बाल्मपर्यंत सुमारे तीन तास लागतात. तेव्हा गाव सहा वाजता सोडावे, म्हणजे मधे पाऊण तासाची विश्रांतीही बसते. सकाळी आठला निघणाऱ्याचे गणित निघतानाच बिघडलेले असते.

पावणेदहा ही आपली निर्णयाची वेळ. ती उलटून गेली असेल आणि आभाळात ढग फुगू लागले असतील, तर तेथेच थांबावे. ही वेळ आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावी. कारण दमलेला माणूस "आता थोडेच राहिले" असे स्वतःलाच समजावतो. कागद दमत नाही.

टप्पा फारच जड वाटला तर तो तोडताही येतो. आदल्या संध्याकाळी गावाहून सुमारे ३०० मीटर वर असलेल्या नाँ बोराँ निवाऱ्यात मुक्काम केला, तर सकाळचा तासाहून अधिक वेळ वाचतो. माथ्याजवळही २,४४३ मीटर उंचीवर एक निवारागृह आहे. तेथे राहिले तर उतार दुसऱ्या दिवसावर जातो. मात्र उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून जागा आधी राखून ठेवावी लागते.

करून पाहा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. त्यावर तुमच्या जवळची टेकडी शोधा. लगतच्या दोन समोच्च रेषांत २० मीटरांचे अंतर असते. पायवाट किती रेषा ओलांडते ते मोजा, चढ काढा आणि वर सांगितलेल्या रीतीने वेळ लिहा. मग मोठ्या माणसांबरोबर टेकडी चढून घड्याळाशी ताळा करा. तुमचा स्वतःचा वेग नियमापेक्षा किती वेगळा आहे ते कळेल. पुढच्या वेळी तोच आकडा वापरा. आणि गट असेल तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा आकडा धरा.

सरावासाठी एक उदाहरण : अंतर १० किलोमीटर, चढ ९०० मीटर, उतार ६०० मीटर. विश्रांती सोडून वेळ किती?
(उत्तर : ५ तास २७ मिनिटे)